शेततळ्याकाठचे पाच तास

वाशीम जिल्ह्यात घरामागे पोहण्याचा तलाव क्वचितच असतो. वावरात शेततळं मात्र असतं. पुढला दिवस कोण्या एका घरचा नाही. सोंगणीच्या हंगामात त्यात लेकरू बुडण्याची दुर्घटना कशी घडत जाते, त्याचा हा क्रम आहे.

सहा महिने आधी, एप्रिल
शेततळं खणून होतं. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतलं सर्वांत मोठं माप ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर आणि अनुदान जास्तीत जास्त ५० हजार रुपये होतं. अस्तराच्या पन्नीचा खर्च शेतकऱ्याचाच होता. ती अंथरेपर्यंत पैसे संपतात आणि जाळीचं कुंपण ‘पुढच्या साली’वर जातं.

ऑक्टोबर, सकाळी ७:००
शेततळं काठोकाठ भरलेलं. दिवाळीची सुट्टी, शाळा बंद. सोयाबीन वाळून आलंय. आणखी थांबलं तर शेंगा तडकून दाणे वावरातच सांडतील. घरी लेकरांजवळ थांबायला कोणी नाही, म्हणून सात वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा दोघंही बंडीत बसतात.

९:००
आई बायांसोबत सोंगणीला लागते. जाताना मुलीला सांगते, “बाबूकडे ध्यान ठेवजो बाई.” राखण ठरली, पण राखणारीही लेकरूच.

११:००
बाप थ्रेशरवाल्याशी फोनवर. आजीचा निंबाखाली डोळा लागलेला. आईला वाटतं आजी पाहतेय, बापाला वाटतं आई पाहतेय. धुऱ्यापलीकडे शेततळं साठ पावलांवर. मधे ना जाळी, ना फाटक.

११:४०
चेंडू पाण्यात जातो. मुलगा काठावर वाकतो. ओल्या पन्नीवर शेवाळ, खाली तीव्र उतार. पाय सरकला की धरायला काहीच नाही. अशा पन्नीवरून चांगल्या पोहणाऱ्यालाही वर चढणं अवघड जातं. बहीण हात द्यायला खाली उतरते. एकाच्या जागी आता दोघं पाण्यात आहेत.

११:४१
ओरडा ऐकू येत नाही. बुडणाऱ्याचं तोंड पाण्यावर येतं ते क्षणभर, आणि तो क्षण श्वासालाच पुरत नाही. हाक मारायची कशी? लहान मूल मिनिटाच्या आत दिसेनासं होतं.

११:४६
प्राणवायू तुटला की साधारण चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. वावरात अजून कोणाला काही कळलेलं नाही.

११:५५
“लेकरं कुठं गेली?” सगळे धावतात. काठाला दोर बांधलेला नाही, हवा भरलेली ट्यूब नाही. दोघांना वर काढायलाच काही मिनिटं जातात. मग कोणी पाय धरून उलटं करतं, कोणी पोट दाबून पाणी काढू पाहतं. उरलेला वेळ त्यातच जातो. श्वास थांबला असेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग ३० वेळा छाती दाबायची आणि २ श्वास, हे न थांबता चालू ठेवायचं. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा.

१२:००
दुपारचा हा आकांत ११:४० ला सुरू झाला असं सगळे सांगतील. खरं तर तो एप्रिलमध्ये आणि सकाळी नऊला ठरत गेला होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून मेली. त्यांतला जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा होता. बांगलादेशातल्या खेड्यांत लक्षात आलं की चिमुकली बहुतेक करून सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यान बुडतात, आई कामात असते तेव्हा. तिथं नेमक्या त्याच वेळेत गावातल्याच प्रशिक्षित बाईच्या घरी पाळणाघर चालवलं आणि असे मृत्यू ठळकपणे घटले.

जाळी, कुलूप लावलेलं फाटक, चारी बाजूंनी पाण्यात सोडलेले गाठींचे दोर आणि दोन ट्यूबा शेततळ्याच्या खर्चातच धराव्यात. हे सगळं होईपर्यंत आणि झाल्यावरही लक्ष ठेवायला माणूस लागतोच. शेजारच्या चार वावरांनी मिळून सोंगणीपुरती एक बाई लेकरांसाठी लावली, तर प्रत्येकाच्या वाट्याला पाव रोज येतो. मजुरीच्या हिशेबात सोंगणाऱ्यांच्या आधी तिचं नाव लिहा.