नांगराची मूठ आणि शाळेची पाटी

प्राथमिक शाळेंत मुलांना भोंवतालच्या सृष्टीची ओळख करून द्यावी, त्यांच्या हाताला कांहीं काम लावावें, अन्न, पाणी, स्वच्छता व आरोग्य यांविषयींचें रोजच्या उपयोगाचें ज्ञान त्यांच्या अंगीं बाणवावें, या विचाराला आज विरोध करणारा सुशिक्षित गृहस्थ शोधूनही सांपडावयाचा नाहीं. 'परिसर अभ्यास' या नांवाचें पाठ्यपुस्तक महाराष्ट्रांतील मुलांच्या दप्तरांतून कित्येक वर्षें हिंडलें. 'कार्यानुभव' हा विषय वेळापत्रकांत आला. आणि १९९१ सालीं तर सर्वोच्च न्यायालयानें पर्यावरणाचें शिक्षण शाळांतून सक्तीचें करण्याविषयीं आदेश दिला. मात्र या शिक्षणाचें घरोघर काय होतें, तें आम्हीं एका रविवारीं सायंकाळीं आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं पाहिलें. चिरंजीवांस शाळेंतून पांच प्रकारचीं बीजें गोळा करून आणण्यास सांगितलें होतें. मातोश्रींनीं तीं स्वयंपाकघरांतील डब्यांतून काढून दिलीं, वडिलांनीं तीं डिंकानें वहींत चिकटवलीं, आणि चिरंजीव शेजारीं बसून हा सोहळा पाहत होते. तुरीचें झाड केवढें असतें, असें त्यानें मध्येंच विचारलें. वडील आमच्याकडे पाहूं लागले. आम्हीही छताकडे पाहूं लागलों.

घरीं परत येतांना मनांत आलें, कीं ही मागणी प्रथम कोणीं केली, कोणाच्या मुलांसाठीं केली, आणि ती आमच्या वहींतल्या डिंकापर्यंत येऊन कशी पोंचली, हें एकदां नीट पाहावें.

१८८२ सालीं लॉर्ड रिपन यांच्या कारकीर्दींत सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणाच्या चौकशीचें एक मंडळ नेमलें गेलें. त्या मंडळासाठीं १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचें एक निवेदन पुण्याहून जोतीराव गोविंदराव फुले यांनीं दिलें. त्यांत त्यांनीं आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपालिटीचे सभासद अशी दिली आहे. शिक्षणतज्ज्ञ म्हणून नव्हे. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें असावें, ही त्यांची मागणी सर्वांस ठाऊक आहे. त्या शिक्षणांत काय असावें याची जी याद त्यांनीं दिली, तिच्याकडे मात्र पुरेसें लक्ष गेलेलें नाहीं. वाचन, मोडी व बाळबोध लेखन आणि हिशेब हें पहिलें. त्यानंतर इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख. मग शेतकीचें प्राथमिक ज्ञान. आणि शेवटीं वर्तन व आरोग्य यांविषयीं कांहीं धडे. खेड्यांतील शाळेचा अभ्यासक्रम शहराच्या मानानें थोडा असला तरी चालेल, परंतु त्याची व्यवहारोपयोगिता कमी होतां कामा नये, असें त्यांचें म्हणणें होतें. शेतकीच्या धड्यांना जोडून नमुन्याचें एक लहानसें शेत असावें व तेथें मुलांनीं प्रत्यक्ष काम करून शिकावें, हेंही त्यांनीं सुचविलें. शिक्षक शक्य तों शेतकरीवर्गांतूनच तयार करावे आणि प्रसंगीं नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातीं धरण्याची त्यांस लाज वाटूं नये, अशी त्यांची अपेक्षा होती. आणि अशा शिक्षकाचा पगार महिना बारा रुपयांहून कमी नसावा, हें सांगण्यासही ते विसरले नाहींत.

या यादींत मोडी अगदीं पहिल्या ओळींत कां, याचा विचार केला म्हणजे फुल्यांची दृष्टि उमगते. सावकाराचें कर्जखत मोडींत, कुळकर्ण्याचें दप्तर मोडींत. याच्या सातच वर्षें आधीं, १८७५ च्या मे महिन्यांत, पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांवर चाल करून आपलीं खतें हिसकावून घेतलीं व जाळलीं. पुढें तें लोण पुणें आणि नगर जिल्ह्यांतील कित्येक गांवीं पसरलें. ज्या कागदावर आपण अंगठा उठविला त्यांत काय लिहिलें आहे हें ज्याला कळत नाहीं, त्याला त्या कागदाचें जाळण्यापलीकडे दुसरें काय करतां येणार? निवेदनाच्या पुढल्याच वर्षीं, १८८३ सालीं, फुल्यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यांतही अविद्या आणि शेतीची दैना यांची सांगड आहे. फुल्यांच्या लेखीं, तेव्हां, नमुन्याचें शेत आणि मोडीची पाटी या दोहोंत विरोध नव्हता. शेतकऱ्याच्या मुलाला जगण्यासाठीं लागणारी पहिली विद्या खत वाचण्याची, आणि दुसरी खत घालण्याची. मराठी भाषेनें या दोन्ही वस्तूंस एकच नांव ठेवलें आहे, हा निव्वळ योगायोग खरा. पण आम्हांस तो फार आवडतो.

यानंतर पंचावन्न वर्षांनीं हाच विषय वर्ध्यास निघाला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं तेथें शिक्षणपरिषद भरली; डॉ. झाकीर हुसेन यांच्या नेतृत्वाखालीं समिति नेमली गेली आणि २ डिसेंबरला तिचा अहवालही तयार झाला. सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठीं सात वर्षांचा हा अभ्यासक्रम. त्याचें वेळापत्रक वाचलें तर आजही माणूस दचकतो. साडेपांच तासांच्या शाळेंत तीन तास वीस मिनिटें एका मूलोद्योगास; संगीत, चित्रकला व गणित यांस मिळून चाळीस मिनिटें; मातृभाषेस चाळीस; समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांस तीस; व्यायामास दहा आणि सुट्टीस दहा. कल्पना अशी होती, कीं टकळीवर सूत काढतांना तार मोजण्यांतून गणित यावें, कपाशीच्या रोपांतून वनस्पति व माती कळावी, कापडाच्या व्यापारांतून देशाचा इतिहास व भूगोल उलगडावा. पुढें सेवाग्रामास हिंदुस्तानी तालीमी संघानें आर्यनायकम् व आशादेवी यांच्या देखरेखीखालीं ही शाळा चालविली. तेथें सफाई, स्वयंपाक व बागकाम हीं शाळेच्या वेळेबाहेरचीं कामें नव्हतीं, तर तोच अभ्यास होता.

त्या योजनेची थट्टा पुष्कळ झाली. तिची सर्वच टीका मात्र थट्टेवारी नेण्याजोगी नव्हती. शाळेचा खर्च मुलांच्या हस्तोद्योगांतून निघावा, या मुद्यावर प्रा. के. टी. शहा यांनीं वर्ध्याच्या परिषदेंतच हरकत घेतली: मुलांच्या हातची वस्तु बाजारांत आली, तर गांवच्या कारागिराच्या पोटावरच पाय येणार. दुसरी शंका अधिक खोल होती. ज्यांच्या घरीं पिढ्यान् पिढ्या हातच राबत आले, त्यांच्या मुलास शाळेंतही टकळीच द्यावयाची असेल, तर पुस्तक त्याला कोणत्या जन्मीं मिळणार?

ही शंका निराधार नव्हती, हें मद्रासेकडे दिसून आलें. १९५३ सालीं मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनीं तेथील प्राथमिक शाळांसाठीं नवी योजना काढली. शाळा दिवसांतून तीनच तास, दोन पाळ्यांनीं. उरलेल्या वेळीं मुलानें घरीं बापाचा धंदा शिकावा अथवा गांवांतील कारागिराकडे जावें. एकाच इमारतींत दुप्पट मुलांची सोय होईल, हा हिशेब बिनचूक होता. परंतु न्हाव्याच्या मुलानें न्हावीपण आणि धोब्याच्या मुलानें धोबीपण शिकावें, असाच तिचा अर्थ लोकांनीं घेतला आणि तिला 'कुलकल्वि', म्हणजे कुळाचें शिक्षण, असें नांव पडलें. पेरियार यांच्या अनुयायांनीं रान उठविलें. १९५४ च्या एप्रिलमध्यें राजगोपालाचारी पायउतार झाले आणि त्यांच्यामागून आलेल्या कामराज यांनीं ती योजना गुंडाळून ठेवली. राजाजींच्या हेतूविषयीं आम्हांस शंका घ्यावयाची नाहीं. परंतु फुल्यांच्या यादींतील पहिली ओळ पुसून तिसरी तेवढी ठेवली, तर काय होतें, याचें याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. आणि त्या गदारोळांत एक प्रश्न फारसा कोणीं केला नाहीं: वकिलाच्या आणि मामलेदाराच्या मुलानें उरलेल्या वेळांत काय शिकावयाचें होतें?

आतां आम्ही वाचकांस ठाण्याच्या उत्तर टोंकास, डहाणू भागांत नेतों. (आज तो भाग पालघर जिल्ह्यांत मोडतो.) समुद्रकांठीं बोर्डी हें गांव, आणि आंत डोंगराकडे वारल्यांचे पाडे. १९४५ हें साल येथें दोन कारणांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्या वर्षीं शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकारानें वारली वेठबिगारीविरुद्ध उठले. जमीनदाराच्या शेतावर आणि रानांत फुकट राबणार नाहीं, असें त्यांनीं ठणकावून सांगितलें. आणि त्याच वर्षीं ताराबाई मोडक यांनीं बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. दोन्ही गोष्टींचा परस्परांशीं कांहीं संबंध होता असा आमचा दावा नाहीं. परंतु हातानें काम करणें ही ज्या मुलुखांत शिक्षा होती, तेथें हातानें काम करण्याचें शिक्षण न्यावयाचें होतें, हें विसरून पुढची हकीकत समजणार नाहीं.

ताराबाई १८९२ सालीं मुंबईस जन्मलेल्या, मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. भावनगरच्या दक्षिणामूर्तींत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनीं माँटेसोरी पद्धतीचें काम केलें आणि १९२६ सालीं नूतन बाल शिक्षण संघाच्या स्थापनेंत भाग घेतला. म्हणजे पन्नाशी उलटेपर्यंत त्यांचा बहुतेक अनुभव आमच्यासारख्यांच्याच मुलांचा. बोर्डीस त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताई १९१० च्या. तेराव्या वर्षीं लग्न आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत वैधव्य, अशी त्यांची सुरुवात. या दोघींनीं माँटेसोरीबाईंचीं महागडीं साधनें बाजूस ठेवलीं. शिंपले, गोटे, बिया, पानें, काड्या हींच त्यांचीं साधनें झालीं; मोजणें, लहानमोठें ओळखणें, रंग लावणें, सगळें त्यांवरच. पैशाची टंचाई हें एक कारण होतेंच. परंतु शिंपला त्या मुलाच्या ओळखीचा होता, आणि इटलींतून आलेला लांकडी ठोकळा ओळखीचा नव्हता, हें कारण आमच्या मतें अधिक मोठें.

१९५७ सालीं केंद्र कोसबादच्या टेकडीवर गेलें. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारांत ठेवण्याचा प्रयोग तेथें झाला. त्याचें नांव विकासवाडी. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठीं घरीं राहणारी मुलगी भावंडासह शाळेंत येऊं शकली, ती या व्यवस्थेमुळें. तरीही कित्येक मुलें येत ना. तेव्हां पाड्यावरच्या एखाद्या झोंपडीच्या अंगणांत बालवाडी भरूं लागली. मुलांचीं नखें काढणें, त्यांना आंघोळ घालणें, वेणीफणी करणें, येथपासून तिचा अभ्यास सुरू होई. याहून मोठीं मुलें तर दिवसभर गुरांमागें. त्यांच्यासाठीं शाळाच उठून कुरणांत गेली. गुरें चरत आहेत, मुलें झाडाखालीं बसून अक्षरें गिरवीत आहेत, आणि एखादें जनावर दुसऱ्याच्या शेतांत शिरलें कीं धडा तेथेंच थांबतो. हीच कुरणशाळा.

या कुरणशाळेंत परिसराचें ज्ञान कोणीं कोणास द्यावयाचें होतें? कोणत्या पानानें जखम बरी होते, कोणता कंद खावा व कोणता शिजवल्याखेरीज तोंडाला लावूं नये, पावसापूर्वीं मुंग्या काय करतात, हें सांगण्यास वारल्याच्या पोराला शाळेची गरज नव्हती. तेथें शिक्षकानेंच पाटी घेऊन त्याच्यासमोर बसावयाचें. त्या पोराला हवीं होतीं अक्षरें, आंकडे, आणि आपण जें जाणतों तें ज्ञान आहे असें कोणातरी शिकलेल्या माणसाच्या तोंडून ऐकणें. फुल्यांच्या यादींतील सर्व ओळी येथें एकत्र आलेल्या दिसतात. फक्त नमुन्याचें शेत वेगळें काढावें लागलें नाहीं, कारण शाळा मुळांतच रानांत होती. आमच्या स्नेह्यांच्या चिरंजीवाचें नेमकें उलट आहे. अक्षरें त्याच्या घरीं भिंतीवर टांगलेलीं. त्याला हवें होतें तुरीचें झाड, आणि तें त्याला कोणीं दाखविलें नाहीं. हाताच्या शिक्षणाच्या योजना मात्र बहुतेक वारल्यांच्या मुलांसाठीं आंखल्या गेल्या, आणि त्याच्यासाठीं पांच बीजें व डिंक.

पुढें कोठारी आयोगानें १९६४ ते ६६ च्या आपल्या कामांत कार्यानुभवाची शिफारस केली, १९७७ सालीं ईश्वरभाई पटेल समितीनें त्याला समाजोपयोगी उत्पादक काम हें नवें नांव दिलें, आणि दर वेळीं वेळापत्रकांतला एक तास तेवढा या विषयाच्या वांट्यास आला. वर्ध्याचे तीन तास वीस मिनिटें अति होते, असें मानणारांत आम्हीही आहोंत. तरी त्यांचें आक्रसून हें काय झालें, याचा हिशेब मांडावयास हवा होता.

ताराबाई १९७३ सालीं वारल्या. १९७५ च्या २ ऑक्टोबरपासून भारत सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि पाड्यावरच्या अंगणांत भरणाऱ्या वर्गाचें 'अंगणवाडी' हें नांव देशभर गेलें. मराठी न जाणणाऱ्या प्रांतांतही तें रूढ झालें. अनुताई १९९२ पर्यंत कोसबादलाच राहिल्या. त्यांच्या आत्मकथनाचें नांव 'कोसबादच्या टेकडीवरून'. कुरणशाळा हा शब्द मात्र सरकारी दप्तरांत अंगणवाडीसारखा कधीं रुळला नाहीं. आमच्या स्नेह्यांच्या चिरंजीवास आम्हीं तो सांगितला, तेव्हां गुरांनाही शाळा असते काय, असें त्यानें विचारलें. आणि येत्या पौषांत तुरीचें शेत पाहण्यास आपणास कोण नेणार, हा त्याचा पुढचा प्रश्न होता.