नोकरीत गुणवत्ता की समान संधी? वाद काय, कायदा काय, आपण काय करावं?

‘नोकरी गुणवत्तेवर द्या, जात-धर्म मध्ये आणू नका’, असं म्हटलं की कुणाचाच विरोध नसतो. आपल्या घरातल्या शिकलेल्या मुला-मुलींनाही हेच हवंय. पण गुणवत्ता तपासायची वेळ येण्याआधीच नाव बघून अर्ज बाजूला पडत असेल तर? खरा वाद इथून सुरू होतो.

नावाचा फरक किती पडतो?

प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी याचा थेट तपास केला. खाजगी कंपन्यांच्या 548 जाहिरातींना 4,808 अर्ज पाठवले गेले. शिक्षण आणि अनुभव सारखा, फरक फक्त नावात. 2007 साली आलेल्या निष्कर्षानुसार, सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांश होती, तर दलित नावाला सुमारे दोन तृतीयांश. यात मुलाखत झालीच नव्हती, म्हणजे ‘मुलाखतीत कमी पडला’ हे कारण इथे लागूच होत नाही.

सच्चर समितीने 2006 मध्ये सरकारी चित्र मांडलं. 2001 च्या जनगणनेत मुस्लिम 13.4 टक्के होते, पण आयएएसमध्ये 3 टक्के आणि आयपीएसमध्ये 4 टक्केच. हा सगळा फरक भेदभावाचाच आहे, असं म्हणता येणार नाही. गरिबी, अर्धवट सुटलेलं शिक्षण, परीक्षेला बसणाऱ्यांची कमी संख्या हीसुद्धा कारणं आहेत. म्हणूनच समितीने शिक्षणाबरोबर समान संधी आयोगाचीही शिफारस केली होती.

गुणवत्ता म्हणजे फक्त मार्क?

गुणवत्तेचा आग्रह धरणाऱ्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. डॉक्टर, इंजिनिअर कामात पक्का हवाच. पण क्लास, इंग्रजी शाळा, घरात अभ्यासाची जागा यांचाही मार्कांत वाटा असतो. वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2022 मध्ये हेच सांगितलं: स्पर्धा परीक्षेतले मार्क म्हणजे संपूर्ण गुणवत्ता नव्हे, आणि आरक्षण हे गुणवत्तेच्या विरोधात नाही.

कायदा काय सांगतो?

राज्यघटनेचं कलम 16 सरकारी नोकरीत धर्म, जात, लिंग यावरून भेदभाव करायला मनाई करतं आणि मागास वर्गांसाठी आरक्षणाची मुभाही देतं. खाजगी नोकरभरतीत मात्र धर्मावरून डावललं तर दाद मागता येईल असा सर्वसाधारण केंद्रीय कायदा नाही. मोठी पोकळी इथेच आहे.

महाराष्ट्रात 2014 मध्ये मुस्लिमांमधल्या मागास गटांना 5 टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. मुंबई हायकोर्टाने नोकरीतला भाग थांबवला, शिक्षणातला चालू ठेवला. पुढे अध्यादेशाचं कायद्यात रूपांतर झालं नाही आणि तो बारगळला.

आज हातात काय आहे?

• बागवान, तांबोळी, मोमीन अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र जाहिरात निघायच्या आधीच काढून ठेवा. जुने शाळेचे दाखले, महसुली नोंदी जपा.
• कुठल्याच आरक्षणात नसलेल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना 2019 पासून आर्थिक दुर्बल घटकांचा 10 टक्के कोटा खुला आहे. त्याला धर्माची अट नाही.
• समाजातल्या उद्योजकांनीही भरती करताना आधी निकष लिहून काढावेत, सगळ्यांना तेच प्रश्न विचारावेत, पहिल्या चाळणीत नाव झाकावं. आपण न्याय मागतो, तर आपल्या दुकानात-कारखान्यातही तो दिसला पाहिजे.

‘शिकून काय फायदा, नोकरी तर मिळणार नाही’ हे वाक्य मुलांच्या कानावर पडू देऊ नका. दार अरुंद आहे हे खरं, पण तयारीच सोडली तर ते आपल्याच हाताने बंद होतं. समान संधी म्हणजे कमी लायकीच्या माणसाला नोकरी द्या, असं नव्हे. लायक माणसाचा अर्ज निदान वाचला जावा, एवढंच हे मागणं आहे.