परगणे शरीराबाद आणि लोणंदचा तळ

सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यातील लोणंद हे नीरा नदीच्या दक्षिणेस वसलेले बाजारगाव दोन गोष्टींमुळे ओळखले जाते: तेथील कांद्याचा व शेळ्यामेंढ्यांचा बाजार आणि आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा तेथे पडणारा मुक्काम. वारकरी परंपरेने प्रपंच, म्हणजे घरदार, धंदा आणि पोटापाण्याची ओढाताण, सोडून देण्यास कधी सांगितले नाही. उलट प्रपंचाचीच भाषा तिने परमार्थासाठी उचलली आणि ती उचलताना हसण्याची पुरेपूर मुभा ठेवली. त्या हसण्याचा इतिहास लोणंदच्या वाटेने तपासला, तर बाजार आणि वारी यांचे नाते केवळ जागेपुरते नव्हते, हे ध्यानात येते.

लोणंदचा परिसर पर्जन्यछायेतला. खरिपात लवकर निघणारा आणि फार न टिकणारा हळवा कांदा हे येथले नगदी पीक, तर माळरानावर राबणाऱ्या धनगरांची मेंढरे हा येथल्या बाजाराचा दुसरा आधार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सदर्न मराठा रेल्वेने पुणे-मिरज मीटरगेज मार्ग टाकला, तेव्हा लोणंद स्थानकामुळे या मालाला दूरच्या गिऱ्हाइकाची वाट खुली झाली. गुरुवारचा आठवडा बाजार, अडत्यांच्या पेढ्या, हमाल, मापाडी आणि तोलणार अशा माणसांनी हे गाव घडवले. अडत्या म्हणजे शेतकऱ्याचा माल लिलावात विकून देणारा आणि त्याबद्दल अडत घेणारा मध्यस्थ. मापाडी म्हणजे मालाचे माप घेणारा. या मंडळींच्या बोलण्यात शेरेबाजी मुरलेली असते, कारण लिलावात भाव बोलायचा तर चेहरा कोरा ठेवावा लागतो आणि चेहरा कोरा ठेवणाऱ्याला बोलते करण्यासाठी थट्टेसारखे दुसरे हत्यार नाही.

वारीचा इतिहास याहून जुना आहे. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ च्या सुमारास ज्ञानेश्वर आणि तुकाराम यांच्या पादुका एकत्र पालखीतून पंढरपुरास नेण्याची प्रथा सुरू केली असे मानले जाते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सातारा जिल्ह्यातीलच आरफळ गावचे हैबतबाबा यांनी ज्ञानेश्वरांच्या पालखीचा सोहळा स्वतंत्रपणे उभा केला. हैबतबाबांनी त्याला जवळजवळ लष्करी शिस्त लावली: क्रमांक दिलेल्या दिंड्या, रथापुढच्या आणि रथामागच्या अशी त्यांची विभागणी, अंकलीच्या शितोळे सरदारांचे अश्व, चोपदार आणि ठरलेले मुक्काम. वाल्हे सोडल्यावर नीरेत पादुकांना स्नान घालून पालखी सातारा जिल्ह्यात शिरते आणि लोणंदच्या तळावर येते. तिथींच्या घटबढीप्रमाणे येथला मुक्काम काही वर्षी एका दिवसाहून अधिक लांबतो. त्या काळात पालखीतळाच्या आसपास चुली पेटतात, धुणी वाळत पडतात, सामानाची उलटापालट होते. थोडक्यात, घर सोडून निघालेली माणसे उघड्यावर पुन्हा संसार मांडतात.

या शिस्तीत विनोदाला जागा कशी उरते, हे समाज आरतीत दिसते. मुक्कामी पोहोचल्यावर सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोलाकार उभ्या राहून टाळमृदंगाचा गजर करतात. मग चोपदार हातातला चांदीचा चोप उंचावतो आणि एवढा मोठा गजर एकदम थांबतो. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवीत राहते. हजारो माणसे गप्प झालेली असताना एकाच कोपऱ्यात चाललेली ही किणकिण म्हणजे रीतसर नोंदवलेला निषेध; चोपदार तेथे जातो, चालण्याच्या क्रमावरून किंवा उतरण्याच्या जागेवरून झालेले गाऱ्हाणे ऐकतो, त्याचा निवाडा होतो आणि मगच ते टाळ थांबतात. त्यानंतर हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तूंची नावे पुकारली जातात, दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगितली जाते आणि आरती होते. देवाच्या आरतीआधी जागेचे तंटे आणि हरवलेल्या पिशव्या यांची वासलात लावणारी ही व्यवस्था प्रपंचाला किती गंभीरपणे घेते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

संतांच्या रचनेतही हीच रीत आहे. अरणच्या सावता माळ्याला विठ्ठल आपल्या भाजीच्या मळ्यात भेटला, गोरा कुंभार, नरहरी सोनार आणि सेना न्हावी यांच्या नावांनाच त्यांचे धंदे चिकटले आहेत, आणि जनाबाईने तर देवाला दळणकांडणात हाताखाली घेतले. सावत्याच्या मळ्यातल्या भाज्यांत कांदाही आहे, ही गोष्ट कांद्याच्या बाजारात उतरणाऱ्या वारकऱ्याला सुखावणारी खरी. पण या रचनांमधला भाव मुख्यतः जिव्हाळ्याचा आहे, हसण्याचा नाही. हसण्यासाठी एकनाथांकडे जावे लागते.

पैठणच्या एकनाथांनी (१५३३-१५९९) रचलेली सुमारे ३०० भारुडे सांगितली जातात. भारूड म्हणजे लोकजीवनातले एखादे सोंग, नाते किंवा प्रसंग घेऊन त्याआडून अध्यात्म सांगणारी, गाऊन आणि अभिनयाने सादर करायची रचना. वासुदेव, जोशी, गोंधळी, भुत्या ही सोंगे सर्वांना ठाऊक आहेत. त्यामानाने कचेरीची भारुडे कमी ऐकू येतात. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारी होते, त्यामुळे फारसी वळणाची दप्तरी भाषा शिष्याच्या कानावरून रोज जात असणार. तिचा वापर करून त्यांनी अर्जदस्त, जाबचिठ्ठी, ताकीदपत्र, अभयपत्र अशी सरकारी कागदांच्या नमुन्यातली भारुडे लिहिली. अर्जदस्त म्हणजे कनिष्ठाने वरिष्ठाकडे पाठवलेला विनंतिअर्ज. या अर्जाचे ठिकाण आहे परगणे शरीराबाद, किल्ले कायापुरी. अर्जदार आहेत जिवाजी शेखदार, म्हणजे वसुलीवरचा अंमलदार, आणि त्याचा बुधाजी कारकून. त्यांची तक्रार अशी की, सरकारी कामाला आरंभ करावा तर परगण्यातले वतनदार ते चालू देत नाहीत: दंभाजी शेट्या कचेरीत ठाण मांडून बसतो, मनीराम देशमुख आपले काम परस्पर उरकून घेतो, ममताई देशपांडीण सगळ्या परगण्याला जेरीस आणते, आणि कामाजी महाजन व क्रोधाजी नाईकवाडी आहेतच.

येथे प्रत्येक हुद्दा नेमका बसवलेला आहे. देशमुख हा परगण्याचा प्रमुख, म्हणून ते पद मनाला. देशपांडे हिशेबाचे कागद सांभाळणारा, म्हणून काहीही न सोडणारी ममता त्या जागेवर. शेट्ये आणि महाजन हे पेठेचे, म्हणजे बाजाराचे मानकरी, म्हणून दिखाऊ दंभ आणि हावरा काम तेथे. वेदान्ताची गंधवार्ता नसलेला श्रोताही या अर्जावर हसत असणार, कारण असा देशमुख आणि असा शेट्या त्याने आपल्या गावात पाहिलेला असतो. टीकाकार सहसा रूपकाला गाभा आणि व्यवहाराला टरफल मानतात. प्रत्यक्ष सादरीकरणात क्रम उलटा लागतो: हशा आधी पिकतो तो व्यवहारावर, आणि रूपक त्या हशाला संरक्षण देते. ममताईवर हसले तर कोणत्याही खऱ्या देशपांड्याला रागावता येत नाही.

घरातल्या भारुडांत हा डाव अधिक धीट होतो. भवानीला नवस बोलणाऱ्या सुनेचे भारूड महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. ती सासरा, सासू, जाऊ, नणंदेचे पोर अशा एकेका नातेवाइकाची वाट लावण्याची मागणी करते आणि शेवटी नवऱ्यालाही वगळत नाही. निरूपणकार सांगतात की ही सून म्हणजे जीव आणि सासरची मंडळी म्हणजे विकार. हे खरे असले तरी समोर बसलेल्या बाया विकारांवर हसत नाहीत, हेही तितकेच खरे. पुरुषाने लुगडे नेसून केलेल्या त्या सोंगापुढे सासू आणि सून शेजारीशेजारी बसून हसू शकतात, एवढी सोय मात्र भारूड करून देते. त्याची मर्यादाही तेथेच आहे. सुनेचे गाऱ्हाणे मनोविकारांच्या खाती वर्ग झाले की घरातल्या कोणालाच त्याचे उत्तर द्यावे लागत नाही.

ज्या गाऱ्हाण्यांना अशी पळवाट नव्हती, ती जात्यावर निघाली. पहाटे दळताना बायांनी रचलेल्या ओव्या, म्हणजे दळणाच्या फेऱ्याला धरून चालणारी छोटी पदे, हा पश्चिम महाराष्ट्राचा मोठा ठेवा असून हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत माहेर, भाऊ आणि पंढरी आहे, तशीच सासूची कुरकुर, नवऱ्याचा आळस आणि दळणाचा कंटाळाही आहे. येथली थट्टा कोरडी आणि थोडक्यात असते. तिला सोंग लागत नाही आणि श्रोताही लागत नाही, कारण जात्याची घरघर तिला माजघराबाहेर जाऊ देत नाही. पिठाच्या गिरण्या आल्यावर बायांचे खांदे सुटले, ही निःसंशय चांगली गोष्ट झाली. मात्र त्याबरोबर हे बोलण्याची जागाही गेली. वारीत वाटेवर फुगड्या घालणाऱ्या आणि विसाव्याला ओव्या म्हणणाऱ्या म्हाताऱ्या बायांत तिचा काही अंश अजून ऐकू येतो.

बाजाराने आपला विनोद कागदावरच ठेवला. माल विकल्यावर शेतकऱ्याच्या हाती येणाऱ्या हिशेबाच्या कागदाला पट्टी म्हणतात. तीत विक्रीच्या रकमेतून हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा केलेले असते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकलेल्या एका शेतकऱ्याच्या पट्टीत खर्च वजा जाता २ रुपये ४९ पैसे उरले आणि त्याला २ रुपयांचा धनादेश मिळाला, ही बातमी राज्यभर गाजली. त्या कागदात अतिशयोक्तीचा एकही शब्द नव्हता. दप्तरी भाषा गंभीर चेहऱ्याने नोंदवत गेली की तिच्यातून कसले चित्र उभे राहते, हे ओळखूनच एकनाथांनी तिचा नमुना उचलला होता. येथे मात्र रूपक नव्हते आणि म्हणून कोणाला संरक्षणही नव्हते.

अलीकडच्या वारीत भारुडाला सरकारी आश्रय मिळाला आहे. स्वच्छता, व्यसनमुक्ती, पाणीबचत, पर्यावरण अशा विषयांवर लोककलावंतांची पथके पालखीच्या मुक्कामी भारुडे सादर करतात, आणि कलावंतांना चार पैसे व मोठा श्रोतृवर्ग मिळतो, याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु अर्जदस्तात कचेरीच्या भाषेत कचेरीवर हसण्याची सोय होती. या नव्या भारुडांत कचेरी स्वतःच बोलते आणि वारकऱ्याने हात कसे धुवावेत ते सांगते. सोंगे तीच आहेत, चालीही त्याच आहेत, फक्त मनीराम देशमुख आणि ममताई देशपांडीण यांना त्या कार्यक्रमपत्रिकेत जागा दिलेली नाही.