ब्रिक्स्टन १९८१ : संशयाचा जुना कायदा

एप्रिल १९८१. दक्षिण लंडनच्या ब्रिक्स्टन भागात साध्या वेशातील पोलिसांनी काही दिवसांतच ९४३ वेळा लोकांना रस्त्यात अडवले. अडवलेल्यांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते. दोन-तृतीयांशांहून अधिक जण २१ वर्षांखालील. मोहिमेचे नाव ‘स्वाँप ८१’. तीनच वर्षांपूर्वी मार्गारेट थॅचर यांनी, परक्या संस्कृतीच्या लोकांमुळे देश ‘स्वाँप’ होईल, म्हणजे बुडून जाईल, अशी भीती लोकांना वाटते असे दूरचित्रवाणीवर म्हटले होते. नाव योगायोगाने पडले असेलही; ऐकणाऱ्यांना तसे वाटणे अवघड होते.

हे तरुण परके कसे? १९४८ मध्ये ‘एम्पायर विंडरश’ जहाजाने आलेल्या कॅरिबियन प्रवाशांपैकी अनेकांना क्लॅपहॅमच्या युद्धकालीन भूमिगत निवाऱ्यात ठेवले गेले. तेथून जवळचे रोजगार कार्यालय ब्रिक्स्टनच्या कोल्डहार्बर लेनवर होते, म्हणून वस्ती तेथे वाढली. १९८१ मध्ये रस्त्यावर अडवली जाणारी पिढी बरीचशी ब्रिटनमध्येच जन्मलेली वा वाढलेली होती.

या पिढीचा राग एका मोहिमेपुरता नव्हता. त्यामागे ‘सस’ होता: १८२४ च्या भटकंतीविरोधी कायद्यातील एक कलम. नेपोलियनशी झालेल्या युद्धांनंतर निराधार आणि बेकार सैनिक रस्तोरस्ती फिरू लागले, त्या काळातला हा कायदा. गुन्ह्याच्या हेतूने सार्वजनिक जागी रेंगाळणारी ‘संशयित व्यक्ती’ त्याखाली दोषी ठरे. तक्रारदार लागत नसे, चोरीला गेलेली वस्तू लागत नसे, ज्युरीही नसे. दोन पोलिसांची साक्ष पुरेशी ठरे. मुलगा बसथांब्यावर उभा होता की पाकिटांवर डोळा ठेवून होता, हे त्या दोघांनी सांगायचे. कृष्णवर्णीय मातांनी याविरुद्ध चळवळ उभारली, १९८० मध्ये संसदीय समितीनेही रद्द करण्याची शिफारस केली. 

१० एप्रिलला एका जखमी तरुणाला पोलिसांनी अडवले. ते त्याला मदत करीत होते की रोखून धरीत होते, यावरून जमाव खवळला आणि दुसऱ्या दिवशी ब्रिक्स्टन पेटले. २७९ पोलीस आणि किमान ४५ नागरिक जखमी झाले. त्याच उन्हाळ्यात ‘सस’ रद्द झाला. दीड शतकाहून अधिक काळ टिकलेले कलम अखेर गेले.

चौकशी लॉर्ड स्कारमन यांच्याकडे आली. पोलिसांची कठोर पद्धत आणि बेकारी त्यांनी नेमकी हेरली, पण संस्थात्मक वंशवाद ब्रिटनमध्ये नाही असा निर्वाळा दिला. अहवालाची हीच कमकुवत बाजू. तो शब्द अधिकृतपणे मान्य व्हायला १९९९ चा मॅकफर्सन अहवाल यावा लागला; स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या १९९३ मधील खुनाचा तपास पोलिसांनी कसा हाताळला, याची ती चौकशी होती.

दरम्यान १९८४ च्या पोलीस कायद्याने झडतीसाठी ‘वाजवी संशय’ आवश्यक केला. दहा वर्षांनी, १९९४ मध्ये, नवे कलम ६० आले: ठरावीक भागात, ठरावीक काळापुरती, त्या संशयाविनाही झडती घेण्याची मुभा देणारे.