काखेत कळसा आणि सर्व्हरला वळसा

'नो सच फाईल ऑर डिरेक्टरी'. हे वाक्य ज्याने पाहिलं नाही त्याने वेब सर्व्हरवर कधी स्क्रिप्ट चालवलीच नाही, असं मी खुशाल म्हणेन. गंमत म्हणजे बऱ्याचदा फाईल तिथेच असते. एफटीपीत दिसते, परमिशनही ठीक असतात. मग सर्व्हर खोटं बोलतो का? नाही हो. तो एक जुनं वाक्य इमानेइतबारे म्हणत असतो. आज त्या वाक्याचाच इतिहास बघू.

हे वाक्य वेबपेक्षा बरंच म्हातारं आहे. १९७५ च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत ते एरर क्रमांक २ होतं आणि लिनक्सवर आजही २ च आहे. पर्ल काय, पीएचपी काय, शेवटी फाईल कर्नलकडेच मागतात. कर्नल २ म्हणतो आणि आपल्याला ते वाक्य दिसतं. पण त्याचा खरा अर्थ असा: 'मी जिथे उभा आहे तिथून तुम्ही दिलेल्या पत्त्याने गेलो, काही सापडलं नाही.' सगळी भानगड आहे ती या 'जिथे उभा आहे' मध्ये.

ही उभं राहायची जागा म्हणजे करंट डिरेक्टरी, आणि ती प्रत्येक प्रोसेसची वेगळी असते. डेनिस रिची यांनी यावर एक मस्त किस्सा लिहून ठेवलाय. युनिक्सच्या सुरुवातीच्या दिवसांत प्रत्येक कमांडसाठी नवी प्रोसेस काढायची सोय झाली, सगळे खूश झाले, आणि डिरेक्टरी बदलायची कमांडच बंद पडली! नवी प्रोसेस बिचारी स्वतःची जागा बदलायची आणि लगेच मरायची. शेल आपलं जिथल्या तिथे. शेवटी ती कमांड शेलच्या पोटातच घालावी लागली. थोडक्यात, 'कुठून?' या प्रश्नाने युनिक्स बनवणाऱ्यांनाही सोडलं नाही.

मग १९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसएत सीजीआय आलं. आता प्रोसेस सुरू करणारा माणूस नव्हता, सर्व्हर होता. त्याने स्क्रिप्टला कुठे उभं करायचं? २००४ च्या आरएफसी ३८७५ ने युनिक्सपुरतं सांगितलं की स्क्रिप्ट जिथे आहे त्याच डिरेक्टरीत करावं. 'करावं', 'केलंच पाहिजे' नव्हे. आणि तोवर लोकांच्या अकरा वर्षांच्या स्क्रिप्ट लिहून झाल्या होत्या!

दरम्यान १९९५ मध्ये रासमुस लेर्डोर्फ यांचं पीएचपी आलं. पीएचपीचं इन्क्लूड फार प्रेमळ. नुसतं नाव दिलं तर आधी ठरलेल्या पाथच्या यादीत शोधतं, मग इन्क्लूड करणाऱ्या फाईलच्या डिरेक्टरीत, मग करंट डिरेक्टरीत. पण पत्ता एका किंवा दोन डॉट आणि स्लॅशने सुरू झाला, की फक्त करंट डिरेक्टरी. म्हणून तीच स्क्रिप्ट ब्राउझरमधून चालते आणि रात्री क्रॉनमधून आपटते. क्रॉन उभा असतो होम डिरेक्टरीत, आणि कमांड लाईनचं पीएचपी आपली जागा बदलत नाही. यावर उपाय म्हणजे चालू फाईलच्या डिरेक्टरीपासून पूर्ण पत्ता बांधणे. त्यासाठी २००९ च्या पीएचपी ५.३ मध्ये 'डिर' हा खास स्थिरांकच आला.

आणखी एक जुनं भूत आहे. १९८० मध्ये रिची यांनी स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत इंटरप्रिटरचा पत्ता लिहायची सोय केली. विंडोजवर लिहिलेल्या फाईलमध्ये ओळीच्या शेवटी एक न दिसणारं कॅरेज रिटर्न जास्त असतं. ते तसंच अपलोड झालं की कर्नल पर्ल शोधतच नाही, 'पर्ल अधिक कॅरेज रिटर्न' नावाचा प्रोग्रॅम शोधतो. तो कुठून असणार? एरर २! स्क्रिप्ट समोर दिसतेय, हरवलाय भलताच कोणीतरी.

तुम्ही म्हणाल, यापेक्षा सर्व्हरने स्वतःच इकडेतिकडे शोधून द्यावं की. पर्ल तेच करत होतं. मॉड्यूल शोधायच्या यादीत शेवटी करंट डिरेक्टरी असायची. पण तुम्ही सगळ्यांना लिहिता येणाऱ्या डिरेक्टरीत उभे असाल आणि तिथे कोणी त्याच नावाची दुष्ट फाईल ठेवली असेल, तर? पर्ल ती आनंदाने चालवणार, तेही तुमच्या अधिकारांनी. म्हणून २०१७ च्या पर्ल ५.२६ ने तो डॉट यादीतून काढून टाकला. त्यामुळे जुन्या स्क्रिप्ट मोडल्या, पण मला हा निर्णय पटतो. फाईल न सापडणं परवडतं, भलतीच सापडणं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी एरर २ आला तर फाईल पुन्हा अपलोड करत बसू नका, आणि ७७७ परमिशन तर देऊच नका. आधी स्क्रिप्टलाच तिची करंट डिरेक्टरी छापायला सांगा. मग नावातली कॅपिटल अक्षरं बघा, कारण विंडोज साधारणपणे त्याकडे काणाडोळा करतं, लिनक्स करत नाही. मग पहिल्या ओळीचा शेवट तपासा. आणि पत्ता पूर्ण द्या. पोस्टमनला नुसतं 'शेजारच्या घरी' असं लिहून पत्र पोचत नाही, तर बिचाऱ्या कर्नलला कसं पोचेल?