छत्र, अब्दागिरी आणि छायापट्टी

गेल्या वैशाखात आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे इंग्लंडहून पत्र आले. हे गृहस्थ मूळचे धाराशिवचे. शिकत होते ते शास्त्रशाखेत; परंतु आमच्या इतिहासाच्या तासाला, विषय नसताही, मागच्या बाकावर येऊन बसत. पुढे यंत्रविद्येत पदवी घेऊन ते परदेशी स्थायिक झाले. तेथे त्यांनी एक जुनी, दोन आसनांची, उघड्या टपाची एम.जी.बी. मोटार घेतली असून सुटीच्या दिवशी तिची डागडुजी करणे हा त्यांचा छंद होऊन बसला आहे. मोटार १९६७ सालची. तिच्या पुढील काचेच्या वर, ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून, ज्या दोन पट्ट्या असतात (गॅरेजातील मंडळी त्यांस सनवायझर म्हणतात, आम्ही येथे छायापट्टी म्हणू) त्या जीर्ण होऊन त्यांचा भुगा पडू लागला. त्यांनी नवी जोडी मागविली. पत्राच्या अखेरीस त्यांनी विचारले होते: "सर, जुन्या पट्ट्या टाकून द्याव्या का? आणि असे एकेक अंग बदलीत गेल्यावर गाडी तीच राहिली असे म्हणता येईल का?"

मोटारीचे आमचे ज्ञान बेताचेच. परंतु प्रश्न वाचताच आमच्या ध्यानात आले की, हा मोटारीचा नसून इतिहासाचा प्रश्न आहे. आणि त्याच्या उत्तराशी आमचा स्वतःचा एक जुना अपराध निगडित आहे. तो शेवटी सांगू. तत्पूर्वी या छायापट्टीची कुळकथा पाहिली पाहिजे.

बालाघाटाच्या पठारावरील शेतकरी दूरवरून येणारा माणूस ओळखण्यासाठी कपाळाशी तळहात आडवा धरतो. जगातील पहिली छायापट्टी तीच. माणसाला उन्हापासून दोन प्रकारची पीडा होते. माध्यान्हीचे ऊन डोके तापविते, तर सकाळसंध्याकाळचे तिरपे ऊन डोळे दिपविते. डोक्यावरील उन्हास वरून आच्छादन पुरते. तिरप्या उन्हास ते मुळीच आडवीत नाही. म्हणूनच आपल्या राजचिन्हांत दोन निरनिराळी साधने दिसतात. एक छत्र, दुसरे अब्दागिरी. 'अब्दागिरी' हा शब्द फारशी 'आफ्ताबगीर' याचा मराठी अवतार. आफ्ताब म्हणजे सूर्य. त्याला अडविणारे ते आफ्ताबगीर. अकबराच्या राजचिन्हांचे वर्णन करिताना अबुल फजलाने 'आईन-इ-अकबरी'त छत्राहून वेगळे असे हे साधन नमूद केले आहे: लांबट वर्तुळाकार, सुमारे एक गज लांब, दांड्यावर बसविलेले, किनखापाने मढविलेले, सेवक ते हाती घेऊन सूर्याचे किरण अडवीत असे. छत्र मस्तकावर राही. अब्दागिरी मात्र सूर्य ज्या अंगास असेल त्या अंगास धरावी लागे, आणि धनी वळला की तीही वळवावी लागे. मोटारीचे टप हे छत्राचे वंशज मानले, तर बिजागरीवर फिरणारी छायापट्टी ही निःसंशय अब्दागिरीची नात होय.

मराठेशाहीत अब्दागिरी ही केवळ सोय राहिली नाही. ती मानाची वस्तू झाली. पालखी, चवरी, मोर्चेल यांप्रमाणेच ती सरकारातून मिळे. राजापासून मान देवाकडे गेला, की देवाकडून राजाकडे आला, हा वाद बाजूस ठेवू. आज राजे गेले तरी देवांच्या पालख्यांबरोबर अब्दागिऱ्या चालतच आहेत. मात्र एक गोष्ट विसरू नये. अब्दागिरी धरणारा स्वतः उन्हातच चाले. त्याच्यासाठी दुसरी अब्दागिरी कोणी धरीत नसे. सावली ही त्या काळी दुसऱ्याच्या हाताच्या श्रमाने मिळणारी वस्तू होती, आणि म्हणूनच ती प्रतिष्ठेची खूण ठरली.

आता वाहनांकडे वळू. आमच्या जिल्ह्याला वाहनांचा इतिहास नवा नाही. धाराशिवच्या ईशान्येस तेर आहे. हेच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे नगर असल्याचे सांगून, तेथील जाडेभरडे कापड व मलमली गाड्यांत घालून, रस्ते नसलेल्या विस्तीर्ण मुलुखातून भडोचच्या बंदरास नेत असत, असे लिहिले आहे. त्या गाड्यांना सावलीची काय सोय होती हे ग्रंथकार सांगत नाही. परंतु आमच्या लहानपणापर्यंत बैलगाडीवर तट्ट्या वाकवून केलेले आच्छादन आम्ही पाहिले आहे. त्यात बायकामुले बसत. गाडीवान मात्र पुढे, धुरेजवळ, उन्हात. त्याची छायापट्टी म्हणजे त्याचा पटका. थोडा पुढे ओढला की डोळ्यांपुरती सावली झाली.

बैलगाडीच्या गतीला एवढे पुरत असे, कारण गाडीवानाचे डोळे क्षणभर दिपले तरी बैलांचे डोळे उघडे असत. मोटारीत ही दुसरी दृष्टी नाहीशी झाली. ज्याच्या हाती चाक, त्याच्याच डोळ्यांवर सर्वांचे प्राण! धाराशिवहून बार्शीकडे सायंकाळी निघालेल्या कोणालाही याचा अर्थ सांगावा लागणार नाही. रस्ता मावळतीकडे जातो, सूर्य थेट काचेत उतरतो, आणि समोरून येणारा ट्रॅक्टर की नुसती धूळ, हे पाच-सात पळे कळत नाही.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बंद मोटारींचा प्रसार झाला, तेव्हा ही छाया प्रथम काचेच्या बाहेर आली. फोर्ड कंपनीच्या 'मॉडेल ए' या मोटारीवर काचेच्या वर टोपीच्या कडेसारखी पट्टी पुढे आलेली असे. पुढे वेग वाढला, काचा तिरप्या झाल्या, वाऱ्याचा अडथळा नकोसा झाला. तेव्हा पट्टी आत गेली आणि बिजागरीवर फिरू लागली. वेगाच्या शौकाच्या मोटारींची गोष्ट मात्र निराळी. ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेस या पेढीत सेसिल किम्बर यांनी घडविलेल्या मोटारींवरून एम.जी. हे नाव रूढ झाले. त्यांच्या १९४५ ते १९४९ या काळातील टी.सी. नमुन्यात पुढची काचच पालथी पाडता येत असे. ऊन, वारा, धूळ अंगावर घेणे हाच तिचा शौक. एम.जी.बी. १९६२ साली ॲबिंग्डनच्या कारखान्यातून निघाली व १९८० पर्यंत निघत राहिली. तिची संख्या पाच लाखांवर गेली. यांतील पुष्कळ गाड्या अमेरिकेस जात. तेथे १९६८ पासून लागू झालेल्या नियमांनी अपघातात डोके आपटले असता इजा कमी व्हावी म्हणून छायापट्टीलाही मऊ अस्तर आवश्यक ठरविले. राजचिन्हाची नात अशा रीतीने कायद्याच्या कलमात येऊन बसली.

नव्या पट्ट्या बसविण्याचे वर्णन आमच्या विद्यार्थ्याने सविस्तर लिहिले होते. त्या काळच्या पट्ट्यांत आत ताठ गाभा, त्यावर फोम व वर व्हिनाइलचे आवरण असे. वर्षानुवर्षे ऊन खाऊन व्हिनाइलमधील मऊपणा देणारे द्रव्य उडून जाते व ते कडक होऊन तडकते. आतील फोमचे पीठ होते. उन्हाशी झगडता झगडता उन्हानेच तिचा अंत व्हावा, हा तिचा धर्मच. काम दिसते चार स्क्रूंचे. पण या मोटारीच्या काचेची चौकट ॲल्युमिनियमची आणि स्क्रू पोलादी. दोन धातू ओलाव्यात एकमेकांस खातात आणि जागीच जखडतात. जोर केला तर स्क्रूचे डोके तुटते आणि चौकट भोके पाडून दुरुस्त करावी लागते. म्हणून त्यांनी दोन दिवस तेल मुरवत ठेवले, हलक्या हाताने अर्धा फेर पुढे, पाव फेर मागे, असे करीत स्क्रू काढले. नव्या पट्ट्यांत डावी-उजवी पारखून त्या प्रथम सैल बसविल्या. टप चढवून पाहिले, कारण टपाची दांडी पट्टीला घासली तर आवरण महिन्यात फाटते. मग स्क्रूंना ग्रीस लावून ते आवळले. हे वाचून आम्हांस आनंद वाटला. जुन्या वस्तूस हात लावताना असाच धीर पाहिजे.

हा धीर आम्ही स्वतः दाखविला नव्हता. तीस-बत्तीस वर्षांमागील गोष्ट. आमच्या आजोळच्या गावी ग्रामदेवतेची एक अब्दागिरी होती; तिचे कापड विरले होते. आम्ही नुकतेच पदवीधर झालेलो. आजोबांनी ती शहरातून दुरुस्त करून आणण्याचे काम आमच्यावर सोपविले. शिंप्याने नवे, झगझगीत कापड चढविले. जुने तो परत देत होता. त्याच्या अस्तरास आतून एक ठिगळ होते व त्यावर दोऱ्याने चार ओळी मोडी अक्षरे काढलेली होती. आम्हांस मोडी येत नव्हती. "चिंध्या कशाला न्यायच्या?" असे म्हणून आम्ही ते त्याच्याच दुकानात टाकून आलो. आजोबांनी नवी अब्दागिरी उन्हात धरून पाहिली आणि विचारले, "आतला लेख कोठे आहे? वाचून घेतलास का?" आम्ही दुसऱ्या दिवशी धावत गेलो, तोवर दुकान झाडून झाले होते. कोणी दिली, कोणत्या साली, कोणत्या नवसाने, हे सांगणारे गावात दुसरे काहीच नव्हते. त्या वर्षीच आम्ही मोडी शिकलो. तेव्हापासून पुष्कळ कागद वाचले. जे वाचायला हवे होते ते मात्र गेले.

तेरच्या वस्तुसंग्रहालयात जाण्याचा प्रसंग येतो तेव्हा ही गोष्ट विशेष टोचते. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या मातीतून निघणाऱ्या मुद्रा, मृण्मूर्ती, मणी, खापरे जपून ठेविली म्हणून तगराचा रोमशी चाललेला व्यापार आज डोळ्यांनी पाहता येतो. इतरांस ती कचरा वाटत होती. त्याच गावचे त्रिविक्रमाचे देऊळही पाहण्याजोगे आहे. त्याचे गजपृष्ठाकार विटांचे बांधकाम मुळात बौद्ध चैत्यगृह असावे, असे अनेक विद्वान मानतात. पुढे त्याला मंडप जोडला गेला व आत विष्णू आला. उपयोग बदलला, भर पडली; परंतु जुनी भिंत कोणी पाडली नाही, म्हणून दोन्ही काळ एका छपराखाली वाचता येतात. आमच्या शहराचे नावही पाहा. निजामाच्या नावावरून पडलेले उस्मानाबाद हे नाव जाऊन २०२३ साली सरकारदप्तरी धाराशिव हे नाव आले. योग्यच झाले, परंतु तेवढ्यावरून उस्मानाबाद हे नाव मिरविणारी दप्तरे रद्दीत घालता येत नाहीत. ती घातली तर मधल्या काळात येथे कोण राहिले, कोणी सारा भरला, कोण शाळेत शिकले, याचा पुरावाच उरणार नाही.

तेव्हा विद्यार्थ्यास आम्ही उत्तर लिहिले ते असे. नव्या पट्ट्या खुशाल बसवाव्या. ज्या छायेने डोळे झाकत नाहीत ती जपण्यासाठी चालविणाऱ्याचा जीव धोक्यात घालणे हा इतिहासप्रेमाचा अतिरेक होय. अब्दागिरीचे कापड बदलले म्हणून देवतेचा मान बदलत नाही. गाडीही तीच राहते, मात्र बदल केल्याची कबुली पाहिजे. खोटेपणा नवे बसविण्यात नाही. नव्याला जुने म्हणून मिरविण्यात आहे. म्हणून जुन्या पट्ट्या टाकू नयेत. आवरण उसविण्यापूर्वी आत काही अक्षर, आकडा, शिक्का आहे का ते पाहावे. आणि कोणत्या दिवशी, कोणी, का बदलल्या, हे लिहून ती चिठ्ठी त्यांच्याबरोबर ठेवावी.

आषाढात त्यांचे दुसरे पत्र आले. एका पट्टीच्या गाभ्यावर, फोमच्या खाली, पेन्सिलीने लिहिलेले तीन आकडे निघाले होते. कारखान्यातील कोणा कामगाराचे असतील, की पुढल्या कोणा दुरुस्ती करणाराचे, हे ठरत नाही. पट्ट्या त्यांनी आईच्या जुन्या लुगड्याच्या पिशवीत घालून चिठ्ठीसह ठेवल्या आहेत. आकड्यांचा अर्थ त्यांस लागलेला नाही, आम्हांसही नाही. परंतु या खेपेस अक्षरे शिल्लक आहेत. पुढे कोणी वाचणारा येईल.