गजेंद्राची सोंड : शेवटचे ७६ तास

रविवार, संध्याकाळी ५. उरले ७६ तास

दीड दिवसाचे गणपती निघाले होते. खाली ताशा वाजत होता आणि गिरगावातल्या आमच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीत, मी एक मोठा फुगा दोरीला टांगून त्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटवत होते. शुक्रवारी, सातव्या रात्री, चाळीतली बारा मुलं ‘गजेंद्रमोक्ष’ करणार होती. भागवताच्या आठव्या स्कंधातली गोष्ट. त्रिकूट पर्वतावरच्या सरोवरात मगर हत्तीचा पाय धरते. सगळं बळ सरल्यावर तो सोंडेत कमळ धरून वर उचलतो आणि विष्णूला हाक मारतो. नाटकाचा सगळा जीव त्या उचललेल्या सोंडेत होता. हत्तीचं डोकं करायचं काम मी मागून घेतलं होतं.

कागदाचं डोकं दोन तऱ्हांनी होतं. पट्ट्या खळीत बुडवून थरावर थर द्यायचे, नाहीतर कागद भिजवून, वाटून त्याचा लगदा लिंपायचा. पट्ट्यांचं काम हलकं आणि भरवशाचं. मी तेच धरलं होतं. एक थर साध्या वर्तमानपत्राचा, त्यावर दुसरा गुलाबी कागदाच्या अर्थविषयक वर्तमानपत्राचा, म्हणजे कुठे किती थर बसले ते रंगावरून कळतं. मैद्याची खळ पातळ शिजवलेली. पट्ट्या कात्रीने न कापता हाताने फाडलेल्या, कारण फाटलेल्या कडेचे तंतू शेजारच्या पट्टीत मुरतात आणि जोड दिसत नाही.

पाच दिवस हातात होते. भाद्रपदातल्या हवेत ते पुरेसे नव्हते, पण बेताबेताने जमलं असतं.

सोमवार, सकाळी ८. उरले ६१ तास

रात्रभर पंख्याखाली ठेवलेले दोन थर टणक झाले होते. टिचकी मारली की पुठ्ठ्यासारखा आवाज येत होता. इथवर सगळं नीट होतं.

सोंडेचा सांगाडा केला. जाड तार, तिच्याभोवती गुंडाळलेला कागद, वरून टेप. दीड फूट लांब, पुढे येऊन वर वळलेली, टोकाला कमळ अडकवायला खाच. सोंडेचं सगळं वजन एकाच जागी येतं, कपाळातून ती जिथे निघते तिथे. छत्री मुठीत आडवी धरली की ताण मनगटावरच येतो, तसंच. म्हणून त्या जागी मांजरपाटाच्या पट्ट्या खळीत बुडवून फुलीसारख्या टाकायचं मी ठरवलं होतं. कापडाने तो सांधा धरला असता.

सोमवार, दुपारी ४. उरले ५३ तास

निरोप आला. भजनी मंडळाची आणि नाटकाची अदलाबदल झाली आहे, नाटक आता बुधवारी. ज्यांनी ठरवलं त्यांना ही दोन ओळींची गोष्ट वाटली. आमच्याशी बोलायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. बारा मुलांच्या तालमी होत्या, कपडे शिवायचे होते. आणि ओल्या कागदाला तर दोन ओळींत वाळता येत नाही.

तरीही पुढचा निर्णय माझाच होता. सोंड कापडाची करता आली असती. करड्या कापडाची नळी शिवून आत कापूस भरला असता तर तासाभराचं काम होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर सुरकुत्यांची, खरी वाटणारी सोंड होती. पट्ट्यांचे सहा थर एकेक करून वाळवायला वेळ नव्हता, तेव्हा मी ठरवलं की लगदा एकदमच जाड लिंपायचा.

सोमवार, रात्री १०. उरले ४७ तास

दुपारपासून भिजत ठेवलेला कागद मिक्सरमधून थोडा थोडा फिरवला. पाणी भरपूर, नाहीतर पातं अडकतं. मग जुन्या धोतराच्या फडक्यात घालून पिळला. मेथी भिजवून वाटून घातली. खेड्यात टोपल्या कागदाने लिंपतात त्यात मेथी असतेच, चिकटपणा येतो आणि कीडही लांब राहते. त्यावर खळ आणि मूठभर व्हायटिंग, म्हणजे खडूची पूड. खळ आंबू नये, कसर लागू नये म्हणून बाइंडर लोक तिच्यात मोरचूद टाकतात. तो मी घातला नाही, कारण तो विषारी आहे आणि हे डोकं मुलाच्या तोंडावर बसणार होतं. तो निर्णय बरोबर होता.

मळलेला लगदा हातात घेतला की फार सुख वाटतं. कणकेपेक्षा मऊ, ओल्या शाडूपेक्षा हलका, आणि अंगठा दाबला की रेघ जशीच्या तशी राहते. मी सोंडेवर बोटभर जाडीचा थर दिला आणि चमच्याच्या कडेने एकेक सुरकुती काढली. मुळाशी दाट, टोकाकडे विरळ. कपाळाचे दोन उंचवटे भरले. एक वाजून गेला तरी हात थांबेना. दिव्याच्या उजेडात ते डोकं इतकं हत्तीचं दिसत होतं की मी दोनदा मागे सरून नुसती बघत राहिले.

मांजरपाट टाकायचं राहून गेलं. लगदा आधीच बसला होता आणि तो उकरायला मन होईना.

पिळून काढलेल्या लगद्यातही कागदापेक्षा पाणीच जास्त असतं. हे मला माहीत होतं.

मंगळवार, दुपारी ३. उरले ३० तास

पहाटेपासून पाऊस. सप्टेंबरात मुंबईच्या हवेत आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास असते. हवाच पाण्याने भरलेली असेल तर ती कागदातलं पाणी घेणार कुठे? जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा या उत्सवातल्या सोंगांचे मुखवटे लाकडाचे असत, आता कागदाच्या लगद्याचेही होतात. पण बोहाडा असतो होळीनंतरच्या उन्हाळ्यात. बंगालात पुरुलियातल्या चरिदा गावी छाऊ नाचाचे मुखवटे करतात. मातीच्या साच्यावर राख भुरभुरवून कागदाचे थर देतात आणि उन्हात वाळवतात. कागदाच्या या कामाला ऊन लागतंच, आणि ऊन मंगळवारी नव्हतं.

मी हेअर ड्रायर लावला. तासाभरात वरचा पापुद्रा पांढरट आणि खणखणीत झाला. ही फसगत मी नंतर समजून घेतली. गरम हवा वरचं पाणी झटकन ओढते, साल घट्ट होते आणि आतल्या पाण्याची वाट मंदावते. मंद पंखा आणि तीन दिवस यांना पर्याय नाही.

शेजारचे आजोबा काठी टेकत आले. उमेदीची वर्षं त्यांनी पेणला गणपतीच्या कारखान्यात काढलेली. ते सोंडेकडे बघत बसले नाहीत. खाली वाकले आणि गाल तिच्या मुळाशी टेकवला.

“ताई, थंड लागतंय. आत पाणी आहे.”

मी म्हटलं, “वरून तर वाळलीय, आजोबा.”

“वरचं सोडा. हाताला कळत नाही, हात राबून निबर झालेले असतात. गालाला कळतं. रंग नका लावू एवढ्यात. विष्णू काय, बिनरंगाच्या हत्तीलाही सोडवायला येईल.”

कागदातून पाणी उडून जात असतं तोवर तो गार लागतो, पूर्ण वाळला की खोलीइतकाच कोमट. इतकी सोपी पारख. मीही गाल लावला आणि मला ते गार लागलं. “उद्यापर्यंत वाळेल,” असं म्हणून मी ड्रायर पुन्हा सुरू केला.

बुधवार, सकाळी ६. उरले १५ तास

ऑइल पेंट, करडा. सुरकुत्यांत गडद, कपाळावर गुलाबी झाक. पाण्याचा रंग लावला असता तर निदान कागदाला श्वास घेता आला असता. पण मला दिव्याखाली चमक हवी होती, आणि ऑइल पेंट डाग झाकतो. त्या हाताबरोबर पाण्याची बाहेरची वाट बंद झाली.

मला विचाराल तर सोंड पडली ती सकाळी ६ वाजता. रात्री ९ वाजून १० मिनिटांनी ती लोकांना दिसली, एवढंच.

बुधवार, दुपारी ४. उरले ५ तास

रंगीत तालीम. गजेंद्र झालेला मुलगा दहा वर्षांचा. डोकं त्याच्या खांद्यांवर बसवलं, आत स्पंजच्या पट्ट्या लावल्या, सोंडेखालच्या तोंडातून त्याला दिसत होतं. पुठ्ठ्याचे कान हलले तेव्हा बाकीची मुलं ओरडली.

“काकू, आत छान गार वाटतंय,” तो आतून म्हणाला. “पण वास येतोय. इडलीच्या पिठासारखा.”

आंबलेल्या खळीचा वास. मला बरं वाटलं की पोराला उकडत नाही. त्याने दोन वाक्यांत सगळं सांगितलं होतं, आणि मी त्याच्या हनुवटीखालची नाडी आवळत होते.

डोकं जड होतं. त्याने मान सारखी मागे टाकली, तेव्हा मी त्याला “ताठ उभा राहा” असं सांगितलं. वजन करून बघायला वाण्याचा काटा खाली दहा पावलांवर होता.

बुधवार, रात्री ८:३०. उरली ४० मिनिटं

पाचव्या दिवसाचे गणपती पोचवून लोक परतत होते. चौकात सतरंज्या भरल्या, वरच्या गॅलऱ्यांतून माणसं वाकली. स्टेजवर दोन हॅलोजन, जवळून मारलेले. त्यांच्या झळेने रंग मऊ पडला आणि बोटाला चिकटू लागला. आत मुलाचा श्वास आणि घाम. कागदाचे तंतू एकमेकांना धरून असतात ते कोरडे असेपर्यंतच, ओल आली की ती पकड सुटत जाते. हे डोकं तर कधी कोरडं झालंच नव्हतं.

९:०४

हत्तींचा कळप पाण्यात उतरला. टाळ्या. मी विंगेत होते. सोंडेच्या मुळाशी, खालच्या बाजूला, एक सुरकुती दिसली. ती मी काढलेली नव्हती.

९:०८

मगरीने पाय धरला. झटापट सुरू झाली. प्रत्येक हिसक्यासरशी कमळ वरखाली होत होतं, आणि दर वेळी थोडं कमी वर येत होतं. मी आत जाऊन पडदा पाडायला सांगायला हवं होतं. दोन मिनिटं होती. मी हात जोडून उभी राहिले.

९:१०

संवाद संपला. त्याने मान मागे टाकली, दोन्ही हात उभारले. चौकात पूर्ण शांतता होती.

सोंड मोडली नाही, वाकली. वाळलेला कागद कडकन तुटतो, ओला लोळतो. ती सावकाश खाली आली, कमळासकट, आणि येताना कपाळही ओढत आली. तोंडाची फट, जिच्यातून त्याला दिसत होतं, मिटली. तो एक पाऊल मागे गेला. तिथे सरोवराची पायरी होती. पडला. आतून त्याचा आवाज आला, “काकू, काकू”, आणि तो नाटकातला नव्हता.

मगर झालेली मुलगी माझ्याआधी पोचली. तिने नखं लावून कपाळच फाडलं. रंगाची साल सोललेल्या संत्र्यासारखी निघाली आणि आतून पांढरा, ओला लगदा तिच्या हातात आला. मुलगा बाहेर आला तो केसांत खळ, गुडघा फुटलेला, डोळे घट्ट मिटलेले. तो मला बिलगला नाही. आईकडे गेला.

त्यानंतर

त्याची माफी मी दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन मागितली. तो कॅरम खेळत होता. “वास मी सांगितला होता,” म्हणाला. मी हो म्हटलं.

सोंड टाकून दिली नाही. रंग खरवडला, तिला उभी चिरून पंख्याखाली ठेवली आणि वाण्याकडे वजन केलं. गुरुवारी १ किलो ३४० ग्रॅम. शनिवारी ९८०. सोमवारी ६३०. अनंत चतुर्दशीच्या सकाळी, मोठे गणपती निघायच्या आधी, ६१०. आजोबांनी गाल लावून पाहिला आणि काही बोलले नाहीत. बुधवारी पुन्हा काट्यावर ठेवली. ६१०.